कॉकपिटमधली तिसरी खुर्ची: मागायची कोणी, द्यायची कोणी?

28 ऑक्टोबर 2018 च्या रात्री लायन एअरचे बोइंग 737 मॅक्स विमान बालीच्या देनपसारहून जकार्ताकडे निघाले. उड्डाण होताच कॅप्टनच्या हातातला कंट्रोल कॉलम थरथरू लागला आणि थोड्या वेळाने विमानाचे नाक आपोआप खाली झुकू लागले. वैमानिक ते वर आणत होते, यंत्रणा पुन्हा खाली ढकलत होती. त्या रात्री दोघांच्या मागे तिसरा माणूस बसला होता. तोही याच विमानाचे प्रशिक्षण घेतलेला वैमानिक, पण त्या उड्डाणात कामावर नसलेला. विमान त्याच्या हातात नव्हते, म्हणून त्याची नजर मोकळी होती. बिघाड ओळखण्यात त्याची मदत झाली. शेपटाकडचा स्टॅबिलायझर फिरवणाऱ्या मोटरची वीज तोडणारे दोन स्विच बंद केले गेले आणि विमान जकार्ताला सुखरूप उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दुसऱ्या वैमानिकांच्या हाती जकार्ताहून उडाले. पुन्हा तोच त्रास सुरू झाला. या वेळी कॉकपिटमध्ये दोघेच होते. विमान जावाच्या समुद्रात कोसळले आणि आतले सगळे 189 जण मृत्युमुखी पडले.

इंडोनेशियाच्या तपास अहवालाने दोष अनेक ठिकाणी दाखवले: विमानाची रचना, चुकीच्या मापाने बसवलेला सेन्सर, आदल्या रात्री नोंदवहीत न लिहिल्या गेलेल्या महत्त्वाच्या गोष्टी. सगळे एका माणसाच्या असण्या-नसण्यावर ठरले असे म्हणणे त्या दुसऱ्या वैमानिकांवर अन्याय करणारे होईल. तरीही ही एक रात्र आणि ही एक सकाळ शेजारी ठेवली की कॉकपिटमधल्या या तिसऱ्या खुर्चीचा, म्हणजे जंप सीटचा, प्रश्न किती गंभीर आहे ते कळते. तिथे कोण बसतो, कोणाच्या परवानगीने बसतो आणि त्याला ‘नाही’ म्हणण्याची ताकद कोणाकडे असते, यावर गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत माणसे वाचलीही आहेत आणि गेलीही आहेत.

खुर्ची दिसायला अगदीच साधी असते. घडीची, ताठ पाठीची, पाय पसरायला जागा नसलेली. 737 मध्ये ती दोन्ही वैमानिकांच्या मागे, दाराच्या पुढ्यात उघडते. एअरबस ए320 मध्ये एक मधल्या कन्सोलच्या मागे असते आणि बहुतेक विमानांत आणखी एक बाजूला. खांद्यांवरून येणारे पट्टे, ऑक्सिजनचा मुखवटा आणि कानाला लावायचा हेडसेट हे सगळे तिथे असते, त्यामुळे बसणाऱ्याला हवाई नियंत्रकांशी चाललेले बोलणे ऐकू येते. उड्डाणापूर्वी कॅप्टन त्याला मुखवटा कसा ओढायचा, पट्टा कसा सोडायचा, वेळ आली तर खिडकीतून दोरीने कसे उतरायचे हे सांगतो. पाहुणा असला तरी त्या खुर्चीत बसल्यावर तो प्रवासी राहत नाही.

खुर्ची मुळात आहे ती तपासनिसासाठी. अमेरिकेच्या नियमांनुसार विमान कंपनीने सरकारी हवाई निरीक्षकाला चालू उड्डाणात पाहणीसाठी कॉकपिटमध्ये जागा उपलब्ध ठेवावीच लागते. निरीक्षक आपले ओळखपत्र दाखवतो आणि आत येतो. सुरक्षिततेला बाधा येत नसेल तर त्याला अडवता येत नाही. बाकी प्रत्येकाला ती जागा मागावी लागते. युरोपचा नियमही असाच आहे: कामावरचे कर्मचारी, सरकारी प्रतिनिधी आणि कंपनीच्या कार्यपुस्तिकेप्रमाणे परवानगी मिळालेली माणसे, एवढ्यांनाच आत प्रवेश, आणि शेवटचा शब्द कॅप्टनचा.

दार इतके घट्ट नेहमीच नव्हते. 2001 पूर्वी युरोप-आशियातल्या अनेक कंपन्यांच्या विमानांत आकाशात असतानाच प्रवाशांना कॉकपिट पाहायला मिळे. एअरहोस्टेसला विनंती करायची, ती कॅप्टनला विचारून यायची, आणि पाच-दहा मिनिटे ढगांवरचे आकाश समोरच्या काचेतून पाहायला मिळायचे. कॉनकॉर्डच्या प्रवाशांना तर कॉकपिटमध्ये डोकावण्याचे विशेष आकर्षण असे. भारतीय विमानांतही लहान मुलांना हा आनंद मिळाला आहे, आणि तो लाभलेली पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. अमेरिकेने मात्र उडत्या विमानात साध्या प्रवाशांसाठी हे दार त्याच्या कितीतरी आधीपासून बंद ठेवले होते. ही शिस्त त्या काळी कोरडी वाटली असेल. पुढे जे घडले त्यावरून ती बरोबर होती असेच म्हणावे लागते.

22 मार्च 1994 रोजी एरोफ्लोटचे एअरबस ए310 मॉस्कोहून हाँगकाँगला निघाले होते. मध्यरात्रीनंतर, 23 मार्चला, सायबेरियावर असताना त्या वेळच्या जबाबदार वैमानिकाने, यारोस्लाव कुद्रिन्स्की यांनी, आपल्या दोन मुलांना कॉकपिट दाखवायला आत बोलावले. आधी मुलगी कॅप्टनच्या खुर्चीत बसली, मग पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. ऑटोपायलट चालू होते, त्यामुळे चाक थोडे फिरवले तरी काही होणार नाही असा वडिलांचा समज होता. मुलाने चाकावर अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ जोर धरून ठेवला आणि ऑटोपायलटने विमान डावी-उजवीकडे कलवण्याचे आपले काम तेवढे सोडून दिले. बाकीचे काम चालूच होते. सूचनेसाठी फक्त एक दिवा लागला, आवाज झाला नाही. रशियन बनावटीच्या विमानांवर तयार झालेल्या त्या वैमानिकांना अशा वेळी घंटा ऐकायची सवय होती. विमान हळूहळू उजवीकडे कलू लागले. ते सर्वांत आधी लक्षात आले मुलाच्याच. त्यानंतर विमान इतके झुकले की वडिलांना आपल्या खुर्चीपर्यंत पोहोचणेही कठीण झाले. दोन वेळा सावरता सावरता ते केमेरोवो प्रांतातल्या जंगली डोंगरात आपटले. 75 जण गेले. वैमानिकांनी हात सोडून दिले असते तर विमान बहुधा स्वतःच सावरले असते, असे पुढच्या अभ्यासात दिसले. वडिलांच्या कौतुकातून झालेला हा अपघात हवाई वाहतुकीच्या इतिहासातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगांपैकी एक आहे, कारण त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता.

वाईट हेतू बरोबर पंधरा दिवसांनी दिसला. 7 एप्रिल 1994 रोजी मेम्फिसहून सॅन होजेला निघालेल्या फेडएक्सच्या डीसी-10 मालवाहू विमानात कंपनीचाच एक फ्लाइट इंजिनिअर जंप सीटवरचा सहप्रवासी म्हणून चढला होता. उड्डाणाच्या तासांची खोटी नोंद केल्याबद्दल त्याची चौकशी व्हायची होती. त्याच्या गिटारच्या पेटीत हातोडे आणि मासे मारायची बंदूक होती. वैमानिकांना डोक्यावर मार देऊन ठार करायचे, विमान पाडायचे आणि ते अपघातासारखे दिसून कुटुंबाला विम्याचे पैसे मिळावेत, असा त्याचा बेत होता. कॅप्टन डेव्हिड सँडर्स, सहवैमानिक जेम्स टकर आणि फ्लाइट इंजिनिअर अँड्र्यू पीटरसन या तिघांची डोकी फुटली होती. टकर यांनी तशा अवस्थेत ते अवजड विमान लढाऊ विमानासारखे उलटेसुलटे केले, जेणेकरून हल्लेखोराचे पाय टेकू नयेत. उरलेल्या दोघांनी त्याला धरून ठेवले आणि विमान मेम्फिसला परत उतरले. तिघेही वाचले, पण तिघांपैकी कोणीही पुन्हा व्यावसायिक विमान उडवू शकला नाही.

त्याच दशकाच्या अखेरीस प्रवाशांच्या बाजूनेही इशारे मिळत गेले. 23 जुलै 1999 रोजी टोकियोच्या हानेदाहून निघालेले जपानच्या एएनए कंपनीचे जंबो एका तरुणाने सुरीच्या धाकाने ताब्यात घेतले. संगणकावर विमान उडवण्याचे खेळ खेळणाऱ्या त्या तरुणाला खरे विमान स्वतः उडवायचे होते. त्याने कॅप्टन नाओयुकी नागाशिमा यांना भोसकून मारले. सहवैमानिकाबरोबर दार फोडून आत घुसलेल्यांमध्ये त्या विमानातून प्रवास करणारा, कामावर नसलेला एक वैमानिक होता आणि त्यानेच विमान सांभाळले. बाकीच्या 516 जणांचे प्राण वाचले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-814 चे अपहरण झाले, आणि कॅप्टन देवी शरण यांच्या पाठीशी बंदूकधारी उभे असलेले भारताने पाहिले. 29 डिसेंबर 2000 रोजी लंडनहून नैरोबीला जाणाऱ्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानात मानसिक तोल गेलेला एक माणूस थेट कॉकपिटमध्ये घुसून चाकाशी झोंबला. जवळपास चारशे जण घेऊन विमान कोसळत होते, तेवढ्यात कर्मचारी आणि प्रवाशांनी त्याला ओढून काढले. आणि नऊ महिने होण्याआधीच 11 सप्टेंबर उजाडला.

त्यानंतर दार बदलले. अमेरिकेने 9 एप्रिल 2003 पर्यंत सर्व मोठ्या प्रवासी विमानांत गोळी आणि धक्का सोसणारी दारे बसवून घेतली. आंतरराष्ट्रीय पातळीवर साठहून अधिक प्रवासी नेणाऱ्या विमानांसाठी 1 नोव्हेंबर 2003 पासून हीच अट आली. मुलांचे कॉकपिट पाहणे आकाशातून जमिनीवर आले. आजही विमान गेटवर उभे असताना, प्रवासी उतरल्यावर, एखाद्या मुलाने विचारले तर अनेक कॅप्टन हसून त्याला आत घेतात. झालेले नुकसान खरे आहे. ढगांवरून उगवता सूर्य समोरच्या काचेतून पाहून वैमानिक व्हायचे ठरवलेली माणसे या व्यवसायात भरपूर आहेत. पण एरोफ्लोटच्या 75 जणांसमोर ते नुकसान सोसण्यासारखे आहे.

जंप सीट मागण्याची प्रथा सगळ्यात पक्की रुजली ती अमेरिकेत, आणि तिथे मागणारे बहुतेक स्वतः वैमानिकच असतात. तिथला वैमानिक राहतो एका शहरात आणि त्याचे कामाचे ठिकाण असते दुसऱ्याच शहरात. आठवड्यातून एकदा-दोनदा घर ते काम एवढ्यासाठी त्याला विमान पकडावे लागते. प्रवाशांची सगळी जागा भरली असेल तर उरते ती मागची घडीची खुर्ची. एका कंपनीचा वैमानिक दुसऱ्या कंपनीच्या विमानातही अशी जागा मागू शकतो, कारण कंपन्यांनी एकमेकांशी तसे करार केले आहेत. 11 सप्टेंबरनंतर ही सोय थांबली होती. मग एक संगणकीय पडताळणी पद्धत आली: गेटवरचा कर्मचारी नाव घालतो, वैमानिकाची कंपनी तो अजून नोकरीत आहे याची खात्री देते आणि त्याचा फोटो पडद्यावर दिसतो. चेहरा जुळला तरच पुढे जायचे.

पण पडताळणी झाली म्हणजे खुर्ची मिळाली असे होत नाही. मागणाऱ्याने स्वतः कॉकपिटच्या दारापर्यंत जायचे, नाव सांगायचे, कॅप्टनला विचारायचे. कॅप्टनने नाही म्हटले तर कारण मागायचे नाही. दहा हजार फुटांखाली गप्प बसायचे. काही चुकतेय असे दिसले तर मात्र बोलायचे. मागे प्रवाशांमध्ये जागा मिळाली तरी उतरताना येऊन आभार मानायचे. हे शिष्टाचार नव्या वैमानिकाला पहिल्या वर्षातच शिकवले जातात, आणि वैमानिकांच्या संघटना कॅप्टनचा हा अधिकार जिवापाड जपतात. तो का जपायचा हे ज्यांना कळत नाही त्यांनी 1994 च्या त्या डीसी-10 कडे पाहावे.

ओळखपत्र खरे असणे पुरेसे नाही हे 22 ऑक्टोबर 2023 रोजी पुन्हा दिसले. वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या होरायझन एअरच्या एम्ब्रेअर 175 मध्ये जंप सीटवर अलास्का एअरलाइन्सचा, त्या वेळी कामावर नसलेला एक कॅप्टन बसला होता. पडताळणी, ओळख, हुद्दा, सगळे बरोबर. वाटेत अचानक त्याने डोक्यावरची इंजिनाला आग लागल्यास ओढायची दोन हँडल पकडली. ती पूर्ण ओढली तर इंजिनांचे इंधन तुटते. वैमानिकांनी त्याचे हात धरले, त्याला बाहेर काढले आणि विमान पोर्टलंडला उतरवले. तो बऱ्याच काळापासून नैराश्याने त्रस्त होता, त्याने दोन दिवसांपूर्वी भ्रम आणणाऱ्या अळंब्या खाल्ल्या होत्या आणि त्याची झोप उडाली होती, असे पुढे आले. उपचार घेतल्याचे उघड झाले तर परवाना जाईल या भीतीने वैमानिक मनाचा आजार लपवतात, ही चर्चा त्या घटनेनंतर अमेरिकेत मोकळेपणाने सुरू झाली आणि तिथल्या हवाई प्रशासनाने त्यावर तज्ज्ञांची समिती नेमली. जंप सीटचे नियम आणखी कडक करण्यापेक्षा हा मार्ग अधिक उपयोगाचा आहे.

तिसऱ्या माणसामुळे कॉकपिट अधिक सुरक्षित होते का, याचे उत्तर तो तिथे कशासाठी आला आहे त्यावर अवलंबून आहे. 19 जुलै 1989 रोजी युनायटेडच्या डीसी-10 चे मधले इंजिन फुटले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. प्रवाशांत बसलेले डेनिस फिच हे त्याच विमानाचे प्रशिक्षक होते. त्यांनी एअरहोस्टेसच्या हाती निरोप पाठवला: मी उपयोगी पडू शकतो का? कॅप्टन अल हेन्स यांनी होकार दिला. मग फिच दोन्ही वैमानिकांच्या मधोमध बसून उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल कमी-जास्त करत विमान सू सिटीपर्यंत घेऊन गेले. 296 पैकी 184 जण वाचले. हे मागणे आदर्शाजवळ जाणारे आहे. स्वतःचे कौशल्य सांगायचे आणि निर्णय कॅप्टनवर सोडायचा.

याच्या उलट बाजूला 9 मे 2012 चे सुखोई सुपरजेट उभे आहे. जकार्तात खरेदीदारांना विमान दाखवण्यासाठी निघालेल्या उड्डाणात जंप सीटवर संभाव्य ग्राहकाचा एक प्रतिनिधी होता. त्याच्याशी विमानाबद्दल गप्पा चालल्या, वैमानिकाचे लक्ष वाटेवरून हलले, जमिनीजवळ आल्याचे इशारे खोटे समजून बंद केले गेले आणि विमान सालाक डोंगरावर आदळले. 45 जण गेले. अहवालाने त्या लांबलेल्या बोलण्याकडे स्पष्ट बोट दाखवले. वैमानिक अनुभवी होता. पाहुण्याला ‘थांबा, नंतर बोलू’ म्हणणे त्याला जड गेले असावे, कारण पाहुणा गिऱ्हाईक होता.

दोन्हींच्या मध्ये 29 डिसेंबर 1972 ची ईस्टर्न एअरलाइन्सची ट्रायस्टार येते. तिच्या कॉकपिटमध्ये कंपनीचा देखभाल तज्ज्ञ होता, म्हणजे माणूस योग्यच. पण पुढच्या चाकाचा दिवा का लागत नाही हे शोधण्यात सगळेच गुंतले, आणि ऑटोपायलट उंची सोडून देत आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही. फ्लोरिडाच्या दलदलीत 101 जण गेले. चौघे जण एकाच दिव्याकडे पाहत असतील तर चौथ्याचा फायदा होत नाही, उलट विमानाकडे पाहणारे कोणीच उरत नाही. 1981 मध्ये अमेरिकेने दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये फक्त उड्डाणाशी संबंधित बोलणे असा नियम केला, आणि जंप सीटवरच्या पाहुण्यालाही तो तितकाच लागू झाला.

या खुर्चीने विज्ञानालाही बरेच दिले आहे, आणि तो भाग फार कमी सांगितला जातो. एडविन हचिन्स या संशोधकाने कॉकपिटमध्ये बसून, वैमानिक आणि उपकरणे मिळून वेगाची आठवण कशी ठेवतात याचा अभ्यास केला. वेगमापकावरच्या छोट्या खुणा, उच्चारलेले शब्द, कागदी तक्ते आणि दोन माणसे मिळून एकच विचारयंत्र कसे बनते, हे त्यांनी 1995 च्या निबंधात दाखवले. टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट हेल्मराइख यांच्या गटाने तर प्रशिक्षित निरीक्षक जंप सीटवर बसवून रोजच्या साध्या उड्डाणांमध्ये काय काय चुकते आणि वैमानिक ते कसे सावरतात याची नोंद घेतली. वैमानिकाला शिक्षा होणार नाही ही अट आधी ठरलेली असे, म्हणून समोर आले ते खरे चित्र होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2002 मध्ये या पद्धतीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. हवाई नियंत्रकांनाही त्यांच्या पडद्यावरचा ठिपका आतून कसा असतो हे कळावे म्हणून जंप सीटवर पाठवले जाई. अमेरिकेत 11 सप्टेंबरनंतर ती सोय बंद झाली आणि नंतर काळजीपूर्वक सुरू झाली. या खुर्चीचा यापेक्षा चांगला उपयोग सांगणे कठीण आहे.

भारतात कॉकपिटमध्ये कोणी यावे याचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ठरवते. कामावरचे कर्मचारी, महासंचालनालयाचे अधिकारी आणि परवानगी असलेली मोजकी माणसे वगळता कोणालाच प्रवेश नाही. लिहिलेले नियम पुरेसे कडक आहेत. अडचण आहे ती ‘नाही’ म्हणण्याची. आपल्याकडे वरिष्ठाला, ओळखीच्या बड्या माणसाला, मित्राला, नात्यातल्या माणसाला तोंडावर नकार देणे उद्धटपणाचे समजले जाते, आणि कॉकपिटमध्ये ती सवय जीवघेणी आहे. खुर्ची रिकामी आहे, दोन तासांचाच प्रवास आहे, कोणाला कळणार आहे, असा विचार करत परवानगी दिली जाते.

27 फेब्रुवारी 2023 रोजी दुबईहून दिल्लीला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात वैमानिकाने एका मैत्रिणीला कॉकपिटमध्ये घेतले. तक्रार केली ती केबिनमधल्या एका कर्मचाऱ्याने. मे महिन्यात डीजीसीएने वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी स्थगित केला आणि कंपनीला 30 लाख रुपयांचा दंड केला, कारण तक्रारीवर तिने वेळीच आणि परिणामकारकपणे पावले उचलली नव्हती. सहवैमानिकाला ताकीद मिळाली ती ठामपणे अडवले नाही म्हणून. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. पाहुणी सहवैमानिकाने बोलावली नव्हती आणि निर्णयही त्याचा नव्हता, तरीही महासंचालनालयाने सांगितले की गप्प बसणे हीसुद्धा त्याची चूक आहे. ते बरोबर सांगितले. मात्र पंचवीस-तिशीतल्या सहवैमानिकाने आपल्या मूल्यांकनावर सही करणाऱ्या कॅप्टनला अडवायचे असेल, तर कंपनीने त्याच्या पाठीशी उभे राहायला हवे, आणि दंडाचा खरा रोख तिथे होता.

या कारवाईनंतर महिनाभरातच आणखी एक घटना घडली. जूनच्या सुरुवातीला चंडीगडहून लेहला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात पुन्हा परवानगी नसलेली व्यक्ती कॉकपिटमध्ये बसली. या वेळी कॅप्टनचा परवाना वर्षासाठी आणि सहवैमानिकाचा महिनाभरासाठी स्थगित झाला. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून उंच, डोंगरांच्या कोंडीत आहे. तिथे उतरण्यासाठी वैमानिकांना वेगळे प्रशिक्षण द्यावे लागते आणि तिथली हवा विरळ असल्याने चुकीला जागा फार कमी उरते. परवानगी नसलेल्या व्यक्तीला कॉकपिटमध्ये बसवायला देशातल्या सगळ्या विमानतळांमधून नेमका हाच निवडला जावा, हे चिंताजनक आहे.

अमेरिकेतही मोह सुटलेला नाही. एप्रिल 2024 मध्ये डेन्व्हरच्या बेसबॉल संघाला टोरंटोला नेणाऱ्या युनायटेडच्या खास विमानात एक प्रशिक्षक आकाशात असतानाच चक्क कॅप्टनच्या खुर्चीत बसला. चित्रफीत लोकांसमोर आली तेव्हा चौकशी सुरू झाली. तिथेही परवानगी देणाऱ्याला पाहुण्याला नकार देणे अवघड गेले असावे.

भारतीय कंपन्यांनी आता तीन गोष्टी करायला हव्यात. एक, केबिनमधल्या कर्मचाऱ्याने अशी तक्रार केली तर ती थेट सुरक्षा विभागाकडे जावी, कॅप्टनच्या वरिष्ठ मित्रांच्या हातून नव्हे, आणि तक्रार करणाऱ्याच्या ड्युटीवर, बदलीवर तिचा परिणाम होणार नाही हे लेखी असावे. दुसरी, रिकाम्या जंप सीटवर निरीक्षक आणि नवे हवाई नियंत्रक ठरवून पाठवावेत. मुंबईच्या एकमेकांना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर गर्दीच्या वेळी उतरणाऱ्या विमानात नियंत्रकाने एकदा तरी मागच्या खुर्चीत बसून पाहावे, म्हणजे शेवटच्या क्षणी बदललेली धावपट्टी कॉकपिटमध्ये किती काम वाढवते ते त्याला स्वतः कळेल. तिसरी, शाळकरी मुलामुलींना विमान गेटवर असताना कॉकपिट दाखवण्याची परवानगी कॅप्टनवर सोडून न देता कंपनीने आपल्या वेळापत्रकात आणावी. त्यासाठी उडत्या विमानाचे दार उघडावे लागत नाही.